खाणीचे पाहुणे आमच्या दारी

आमच्या गावाने फुटबॉल शिकून घेतला, पण पाहुणचार मात्र शंकरपटाचाच ठेवला. त्या घोळातून आमच्या घरात जे झालं, ते भावंडांत आम्ही कधी बोलत नाही. दादा तर विषय निघाला की उठून अंगणात जातो. म्हणून मीच लिहून ठेवते. गाव आमचं धड खेडं नाही आणि धड शहरही नाही. मूलच्या रस्त्यावर दोन राईस मिली, एक जनावरांचा दवाखाना, आठवडी बाजार, आणि धान निघालं की पुढे नुसती धामधूम. पट, मंडईची जत्रा, नाटक. आमच्या झाडीपट्टीत कापणी झाल्यावर माणसाचा पाय घरात ठरत नाही, आणि माझा तर एरवीही ठरत नसे. आई म्हणायची, या पोरीच्या तळव्याला भिंगरी लावूनच हिला पाठवली आहे.

पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लांबलांबच्या गावांहून जोड्या आदल्या दिवशीच यायच्या आणि घरोघरी बांधल्या जायच्या. ज्याच्या दावणीला जोडी, त्याने जोडीवाल्याला जेवू घालायचं, ही झाली साधी गोष्ट. खरा नियम पुढे होता. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्या घराने त्याच जोडीचं नाव घ्यायचं. समोरून सख्ख्या भावाची जोडी धावत असली तरी तोंडातून नाव निघायचं ते पाहुण्याच्या जोडीचं. आणि ती जोडी जिंकली, तर डफडी वाजवत सगळं गाव त्या घराच्या दारी यायचं, घरचा मोठा मुलगा बैलांच्या पायांवर पाणी घालायचा, आणि ते घर पुढच्या पटापर्यंत मिरवायचं. भावाभावांत त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे, पण नियम मोडल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या मोहल्ल्यात जोडी कधी बांधली गेली नव्हती. आमचा मोहल्ला बौद्धांचा, गावाच्या उगवतीला, बोडीच्या म्हणजे छोट्या तळ्याच्या पाळीशी. कोणी नाही म्हणत नसे, फक्त विचारत नसे. गंमत पाहा, माझे बाबा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पटाच्या आदल्या दिवशी गावातल्या एकूण एक जोडीचे खूर आणि खांदे तेच तपासायचे. जोडीवाले त्यांना डॉक्टर म्हणायचे, चहा पाजायचे, आणि मग बैल दुसऱ्याच्या दारी घेऊन जायचे. जिंकल्याची मिरवणूक निघाली की आई मोहल्ल्याच्या तोंडाशी उभी राहायची. लहान असताना दादा बाबांच्या खांद्यावर आणि मी आईच्या कडेवर. डफडी जवळजवळ यायची, अगदी चिंचेपर्यंत, आणि चिंचेपाशी वळून मिलच्या गल्लीत जायची. त्या दिवशी आई भांडी फार जोरात घासायची.

फुटबॉल आणला तो खाणीवर नोकरीला गेलेल्या पोरांनी. सुटीवर येताना ते चेंडू घेऊन आले, आणि कापलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, खेळ सुरू झाला. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ विलास, तोवर कुठल्याच खेळात नव्हता. पण धानाचे भारे खालून फेकतात आणि पुंजण्यावर, म्हणजे रचलेल्या गंजीवर, उभा असलेला माणूस वरच्या वर झेलतो, ते काम तो असं करायचा की लोक हातातलं काम टाकून बघत उभे राहायचे. त्याला गोलात उभं केलं आणि गावाला गोलकीपर मिळाला. दोनतीन हिवाळ्यांत आमची टीम आसपासच्या टीमांना हरवत हरवत मोठ्या ढालीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत गेली. सामना आमच्याच गावात ठरला आणि समोर होती घुग्घुसकडची खाणीची टीम.

खाणवाल्यांनी निरोप धाडला की खेळाडूंबरोबर बघणारेही येतील, ट्रकच्या ट्रक भरून येतील, आणि आदल्या दिवशीच येतील. गावाची तारांबळ उडाली. गावात लॉज नाही, शाळेत वऱ्हाड उतरलेलं. कमिटीचे अध्यक्ष होते मिलवाले गुलाबभाऊ. ते म्हणाले त्यात काय, पटाला करतो तसं करू, घरोघरी वाटून टाकू. वाटता वाटता घरं संपली आणि पाहुणे उरले. तेव्हा गुलाबभाऊ स्वतः दवाखान्यात आले. बाबा एका गोऱ्ह्याच्या पायाला पट्टी बांधत होते. गुलाबभाऊंनी बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग विचारलं, डॉक्टर, तुमच्या मोहल्ल्यात काही जमते काय. बाबांनी पट्टीची गाठ मारेपर्यंत उत्तर दिलं नाही, असं ते पुढे आयुष्यभर सांगायचे. मला ते खरं वाटत नाही. त्यांनी लगेच हो म्हटलं असणार, कारण ते भर दुपारी सायकल दामटत घरी आले आणि सायकल तशीच आडवी टाकून आत शिरले.

आई लाखोरीची डाळ पाखडत होती. बाबांनी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "जेवायले, का मुक्कामाले?" बाबा म्हणाले दोन्हीला. ती उठून अंगणात गेली आणि जिथे कधी काही बांधलंच नव्हतं त्या खुंट्याकडे पाहत उभी राहिली.

पुढचे दिवस घरात कोणालाच स्वस्थता नव्हती. अंगण सारवून झालं की आईला ते पुन्हा सारवावंसं वाटायचं. भिंतींना चुना लागला, बुद्धाची तसबीर उतरवून पुसून परत लागली, ती वाकडी लागली म्हणून पुन्हा उतरली. शेजारच्या घरांतही हेच. सगळ्या मोहल्ल्याने मिळून बोडीत जाळं टाकायचं ठरवलं. वडे कोणी तळायचे यावरून दोन बायकांचं बोलणं बंद झालं आणि वडे तळतानाच पुन्हा सुरू झालं. मी पाणी भरायला जायची आणि घागर तशीच ठेवून रस्त्यावर जाऊन बघायची, अजून वेळ आहे हे माहीत असून. दादा मात्र खुशीत होता. आपल्याच घरी शत्रूला जेवू घालायचं, या कल्पनेने त्याला हसू आवरत नव्हतं. वड्यांत मिरची जास्त टाक, उद्या धावतील कसे बघू, असं तो आईला सांगायचा.

ट्रक आले तेव्हा आधी धूळ दिसली, मग आवाज, मग माणसं. ट्रक कोळशाचे. झाडलेले असावेत, पण कोळसा झाडून थोडाच जातो? वाटेत वारं लागलं, ताडपत्री फडफडली आणि आतली माणसं पायांपासून शेंडीपर्यंत काळी झाली. गुलाबभाऊंनी हार आणले होते, पांढऱ्या शेवंतीचे. घातले त्याच क्षणी ते करडे झाले. नाटकमंडळीतला खलनायक माईकवर होता. तो आपल्या भरदार आवाजात "या वीरांनो" म्हणाला आणि पाहुण्यांतला एक असा शिंकला की स्वागत तिथेच संपलं. आता मी टीव्हीवर बघते, मोठ्या सामन्याच्या शहरात पाहुण्यांना टोप्या देतात, पाण्याच्या बाटल्या देतात, बसमध्ये बसवून हॉटेलात सोडतात. छान असतं सगळं. पण कोण कुठे जेवलं हे शहराला कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय पाहुणचार झाला असं मला अजूनही वाटत नाही.

आमच्याकडे आले ते राजय्या नावाचे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्याच शिफ्टमधले दोघे तरुण. राजय्या मूळचे सिरोंच्याचे, आयुष्य खाणीत गेलेलं. त्यांची भाषा थोडी तेलुगू, थोडी हिंदी, थोडी आमची. आईने दारात पाय धुवायला तांब्या ठेवला होता. तो पाहून ते म्हणाले, अम्मा, तांब्यानं नाही होणार, विहीर दाखव. सगळा मोहल्ला विहिरीवर लोटला. पोहऱ्यामागून पोहरा उपसला जात होता आणि नालीतून काळं पाणी वाहत होतं. शेवटी पाहुण्यांचे खरे चेहरे वर आले तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

जेवायला भात, बोडीतल्या मासोळीचा रस्सा, वडे, जवसाची चटणी. राजय्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि पाहुण्याने बोलायला हवं तसं काही बोललेच नाहीत. नुसते जेवत राहिले. भात पुन्हा मागितला, पुन्हा मागितला. आईला त्यापेक्षा मोठं काही नको होतं. वाढता वाढता तिने त्यांना पटाची सगळी रीत सांगितली, नाव कोणी कोणाचं घ्यायचं, पाणी कोणी घालायचं. आणि मग कळलं की समोर पंगतीत बसलेला हा घरचा पोरगा उद्या गोलात उभा राहणार आहे. दोघे तरुण खो खो हसले. राजय्यांनी खरकटा हात बाजूला धरला आणि डाव्या हाताने दादाची बोटं चाचपून पाहिली, बाबा बैलाचा खूर बघतात तशी. चांगली आहेत म्हणाले. दादा लाजला.

सकाळी आई तव्यावर आयते घालत होती. तांदळाचे ते पातळ आयते दादाला फार आवडायचे आणि सामन्याच्या दिवशी तो तेवढंच खायचा. ठेवणीतली निळ्या काठांची साडी दोरीवर टाकलेली होती. दादाने सहज विचारलं, तू कुठे बसशील.

"पाहुण्याइकडं," आई म्हणाली.

त्याला वाटलं ती मस्करी करते आहे. त्याने आयता मोडून तोंडात घातला. मग तो चावायचा थांबला.

"मी गोलात उभा राहून राह्यलो आई, आन् तू त्याहिचं नाव घेशीन?"

"त्याहिनं आपल्या घरचं खाल्लं."

"खाल्लं तं खाल्लं. हा फुटबॉल हाय, पट नाई."

आईने तवा उतरवला. ती रागावली नव्हती, हे मला पक्कं आठवतं. "गावानं पाहुणे पटासारखेच वाटले ना? मंग मी पटासारखीच बसीन. मिलवाल्यानं नियम मोडला तं त्याले कोनी काई म्हननार नाई. आपन मोडला का साऱ्या गावाच्या ध्यानात राहीन. पहिल्या खेपेले आपल्या दारी कोनी आलं, विलास."

दादाने ताट सरकवलं. तू तिकडे बसलीस तर मी या घरात पाय ठेवणार नाही, असं म्हणून तो गेला. बाबा ओसरीवर सायकलच्या साखळीला तेल घालत होते. ते घालतच राहिले, तेल खाली गळेपर्यंत. मी आईशी भांडले. म्हटलं, पाहुण्यांना कळणारही नाही, गावाला कळणार नाही, तू आमच्यात बस आणि गप्प बस, झालं. ती म्हणाली, गप्प बसायला नियम कशाला लागतो. मग साडी नेसायला आत गेली.

मैदान म्हणजे बांध फोडून सपाट केलेल्या बांध्या. धसकटं उपटली होती तरी पायाला टोचायची. एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला खाणवाले. आणि काय दिसावं? ज्यांच्या ज्यांच्या घरी पाहुणे उतरले होते ती मोहल्ल्याबाहेरची सगळी घरं गावाच्या अंगाला. गुलाबभाऊ तर खुर्ची टाकून पहिल्या रांगेत, गळ्यात आमच्या टीमचा रुमाल. पट विसरून गेले होते सगळे, कारण चेंडू आपला आणि पोरंही आपली. खाणवाल्यांच्या अंगाला गावातल्या फक्त आमच्या मोहल्ल्याच्या बायका, आणि त्यांच्या मधोमध निळ्या काठांत आई. गावाच्या बाजूने बोटं दाखवली जाऊ लागली. कोणीतरी म्हणालं, ही तर गोलकीपरची आई. दादाने गोलातून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी कुठेच बसले नाही. बसवेना. गावाच्या बाजूला गेले की आई दिसायची आणि आईकडे गेले की दादा दिसायचा. सगळा सामनाभर मी मैदानाभोवती फिरत राहिले, धसकटांनी पाय सोलून निघाले तरी. मध्यंतराच्या आधी खाणीच्या एका पोराने अगदी जवळून चेंडू मारला. गोल झालाच म्हणून माईकवरच्या खलनायकाने किंकाळीही फोडली होती. दादा आडवा झेपावला आणि वरून आलेला भारा घ्यावा तसा चेंडू छातीशी घेऊन पडला. मी तेव्हा आईच्या मागेच होते. तिचे हात वर उठले, टाळी वाजायलाच आली होती, आणि तिने ते झटकन पदराखाली कोंबले. मान खाली. खांदे हलत होते. राजय्यांनी ते पाहिलं. ते म्हणाले, "अम्मा, तू नको. मी वाजवतो. मी बी तुझ्या घरचंच खाल्ला." ते उभे राहिले आणि टाळ्या पिटू लागले. त्यांच्या शिफ्टचे दोघे उठले, मग मागचे. खाणीच्या अंगाने आमच्या गोलकीपरसाठी टाळ्या वाजताहेत हे गावाला काही केल्या कळेना. दादा चेंडू हातात धरून तसाच बघत राहिला.

गोल झाला तो अगदी उतरत्या उन्हात. साधा चेंडू होता, घरंगळत येणारा. पण फोडलेल्या बांधाचा एक उंचवटा तिथे राहून गेला होता. चेंडू त्यावर उडाला आणि दादाच्या हातांवरून आत गेला. खाणवाले पिसाळल्यासारखे नाचू लागले. त्या गोंधळात आई उठली. पटात बायका उभ्या राहतात तशी ताठ उभी राहून तिने एकदाच, स्पष्ट, "घुग्घुस" असं नाव घेतलं. मग खाली बसली आणि पदर तोंडात धरला. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला होता. आज ती नाही, आणि तो राग मला कुठे ठेवावा हे अजून कळलेलं नाही.

सामना तसाच संपला. खाणवाल्यांना लगेच ट्रक गाठायचे होते, उजाडता पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं होतं. गुलाबभाऊ हिरमुसून मंडपाची दोरी सोडायला सांगत होते. तेवढ्यात राजय्यांनी ढाल उचललेल्या पोरांना अडवलं आणि सांगितलं, आधी अम्माच्या घरी. पोरांना समजेना. राजय्यांनीच डफडीवाल्यांना हाका मारल्या, रीत समजावून सांगितली, जी आम्हीच विसरलो होतो. डफडी वाजू लागली आणि मिरवणूक निघाली. पुढे ढाल, चेंडू, खाणीची टीम, मागे खाणवाले, आणि डफडी वाजल्यावर घरात थांबता येत नाही म्हणून त्यांच्यामागे सगळं गाव. चिंचेपाशी डफडीवाल्यांचे पाय सवयीने मिलच्या गल्लीकडे वळले. राजय्यांनी हात आडवा केला. मिरवणूक सरळ आमच्या मोहल्ल्यात आली. गुलाबभाऊही आले, रुमाल काढून खिशात घातलेला.

आई दारात तांब्या घेऊन उभी. हळदकुंकू आमच्याकडे नव्हतं, तिने ताटात झेंडूची फुलं ठेवली होती. खाणीची पोरं अनवाणी ओळीत उभी राहिली. आणि पाणी घालायला घरचा मोठा मुलगाच नव्हता. बाबा पुढे झाले, म्हणाले मी घालतो. आईने तांब्या दिला नाही. तो येईल, एवढंच ती म्हणाली. डफडी थांबली. ट्रकचे हॉर्न वाजू लागले. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले, कुजबुज सुरू झाली. मी धावत सुटले.

दादा गोलात बसला होता, खांबाला टेकून. मैदानात कोणी नव्हतं. मी सांगितलं की सगळे थांबले आहेत, पाणी तुलाच घालायचं आहे. तो म्हणाला, हरलो मी आणि पाय त्यांचे धुवू? आईच्या पदराखालच्या हातांचं सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. पण मला दम नव्हता आणि तेवढा वेळही नव्हता.

"मिरवनूक चिंचेपाशी वळली नाई, दादा. आपल्या गल्लीत आली. पाहाची असन तं चल."

तो उठला, आणि चालायला लागला तो पुढे पुढे इतका भराभर की मला पळावं लागलं.

लोकांनी वाट दिली. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. आईच्या हातून तांब्या घेतला आणि एकेका खेळाडूच्या पायावर पाणी घालत गेला. गोल मारणारा पोरगा होता त्याच्या पायावर इतरांइतकंच घातलं, ना कमी ना जास्त. राजय्यांनी आपलेही पाय पुढे केले, आणि मग कोण कोण पाय पुढे करतं याला धरबंध राहिला नाही. डफडी पुन्हा वाजू लागली. दादाची दोन बोटं सुजून टम्म झाली होती. तांब्या परत देताना तो आईला हळूच म्हणाला, "कुठी बसली होती, ते दिसलं मले."

"दिसावं म्हनूनच बसली होती," आई म्हणाली.

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. तिने त्याचा हात ओढून घेतला आणि ते पाणी त्याच्या सुजलेल्या बोटांवर घातलं, सगळ्या गावासमोर, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.